सातवा टप्पा

१

टॉवरवर एकाने चढायचं आणि एकाने खाली दोर धरून उभं राहायचं, ही आमच्या घरातली कामाची वाटणी गेली सव्वीस वर्षं ठरलेली आहे. हे चढतात, मी खाली. बाई म्हणून मला खाली ठेवलंय असं बघणाऱ्यांना वाटतं. मी त्यांना सांगते, वर नुसते हात लागतात, डोकं लागतं ते खाली. त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "मग बालदीतून थोडं वर पाठवत जा."

मी अमलापुरमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतून. दोघांकडेही हौशी रेडिओचा परवाना आहे. गोदावरीच्या फाट्यांमध्ये जी लंका म्हणवणारी बेटांवरची गावं आहेत, तिथे कुणाची अँटेना बिघडली की बोलावणं आम्हाला येतं. खाऱ्या वाऱ्यात काही टिकत नाही. नवाकोरा कनेक्टर दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. म्हणून कनेक्टरवर हे टेप गुंडाळतात ते बघत राहावं. आधी रबरी टेप ताणून, तिच्यावर साधी काळी, आणि शेवटचा थर नेहमी खालून वर. म्हणजे वरचा वेढा खालच्यावर बसतो, कौलांसारखा, आणि पाणी बाहेरच्या बाहेर निथळतं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक वेढा पाण्यासाठी उघडा खिसा होतो. शिकायला येणाऱ्यांना हे दम देतात, "बाकी सगळं विसरलात तरी चालेल. खालून वर विसरलात तर मला तोंड दाखवू नका."

चढणाऱ्याने सेटचा माईक काढून स्वतःच्या खिशात घालायचा, हाही आमचा नेम. तो वर असताना खाली कुणी चुकून बटण दाबलं तर अँटेनात वीज सुटते, हात भाजतो, तोल जातो. दोर चढणाऱ्याच्या पट्ट्याला बांधलेला असतो. एक झटका म्हणजे काहीतरी वर पाठव, दोन म्हणजे समजलं, तीन म्हणजे खाली ये. वॉकीटॉकी असतोच दोघांकडे, पण दोराला बॅटरी लागत नाही.

आणि खाली दोर धरणाऱ्याने तो कधीही स्वतःच्या अंगाला बांधायचा नाही. वर काही बरंवाईट झालं तर एक माणूस जावा, दोन नाही. पहिल्याच टॉवरखाली यांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस यांच्याशी बोलले नव्हते.

सप्टेंबरात आमच्या क्लबचे सेक्रेटरी सत्तिराजू यांचा फोन आला. चिंतलंकेचे जोगाराव जुलैत झोपेतच गेले होते. मागच्या मोठ्या वादळात त्या गावाचे फोन आणि वीज पाच दिवस बंद होते, आणि बाहेर जो काही शब्द पोचला तो जोगारावांच्या सेटवरून. यांना ते लिंगम गारू म्हणतात, म्हणजे आपलं लिंगमराव. सत्तिराजू म्हणाले, "लिंगम गारूंना सांगा, वादळाचा मोसम लागायच्या आत ते स्टेशन पुन्हा उभं करायचं. गावातली दोन जणं शिकायला तयार आहेत."

जोगारावांचा टॉवर आम्हीच उभारला होता, नऊ वर्षांपूर्वी. दहा दहा फुटांचे सहा टप्पे, एकावर एक, पायथ्याचा धरून प्रत्येक सांध्याला सहा बोल्ट आणि तीन दिशांना ताणाच्या तारा. ते छत्तीस बोल्ट मी स्वतः मोजून दिले होते.

जोगारावांची थोरली बहीण सूरम्मा फाटकात उभी होती. "कॉफी आधी की टॉवर आधी?"

"अक्का, आधी टॉवर. कॉफी घेतली की हे गप्पा मारत बसतात."

टॉवरवरून एक जुना, उन्हाने पांढरा पडलेला दोर लोंबत होता. यांनी तो हलकेच ओढला तर सगळा सरसरत खाली आला. टोकाला गाठ होती, पट्ट्याच्या कडीला मारतात तशी, घट्ट आवळलेली. कडी तेवढी नव्हती. गाठ न सोडता दोर कडीतून कसा निघाला, म्हणून यांनी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली.

मग पायथ्याजवळचा कनेक्टर. हे वाकले आणि हसायला लागले. "हैमा, बघ ग. म्हाताऱ्याने टेप वरून खाली गुंडाळलीय!"

"दृष्टी गेली असेल."

"यात दृष्टी कशाला लागते? चाळीस वर्षांचा हात आहे तो. झोपेतसुद्धा चुकायचा नाही." हे हसत होते, पण टेपचं टोक नखाने उचकटून परत परत बघत होते.

२

जोगारावांची खोली तशीच होती. टेबलावर सेट, भिंतीवर रेडिओवर बोलणं झालेल्यांनी पाठवलेली देशोदेशींची कार्डं, खिडकीतून आत आलेली काळी केबल. केबलचं टोक आवकायच्या, म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या, जुन्या चिनीमातीच्या बरणीत सोडलेलं होतं. विजा कडाडू लागल्या की आमच्यातले जुने लोक केबल सेटपासून काढून असंच बरणीत टाकतात. त्यात नवल काही नव्हतं. पण बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर वरवंटा ठेवलेला होता.

"हे कशाला, अक्का?"

"आवाज येतो म्हणायचा. मी कुठे विचारत बसू? त्याची सगळीच तऱ्हा."

जुलैच्या वाऱ्यात अँटेना मोडून पडली होती, त्यामुळे वर केबलचं टोक मोकळं होतं. अशा केबलला खालून मीटर लावला की दुसरं टोक किती लांब आहे ते आकड्यात दिसतं. मधे कुठे तुटलं असेल तर तेही कळतं. ही केबल आम्हीच टाकलेली. साठ फूट टॉवरची, चाळीस फूट पायथ्यापासून खोलीपर्यंत, बरोबर शंभर.

मीटर म्हणाला, एकशेदहा.

"मीटरला मोतीबिंदू झालाय," हे म्हणाले.

मी पिशवीतला पन्नास फुटांचा तुकडा काढून मीटरला लावला. पन्नास. पुन्हा टॉवरची केबल लावली. एकशेदहा. मग यांचं सुरू झालं, केबल जुनी झाली की आतला फोम ओला होतो, लहरींचा वेग बदलतो, आकडा फसवतो. ते खरंही आहे. पण ओली केबल असे गोल आकडे दाखवत नाही. मी मीटर पिशवीत घातला, कारण वारा वाढला होता आणि त्या दिवशी चढता येणार नव्हतं.

हे अंगणात तारांचा ताण बघत होते, तोवर मी जोगारावांची नोंदवही चाळली. कुणाशी कधी बोलणं झालं त्याच्या ओळी. प्रत्येक महिन्याच्या शेवटी ते टॉवरवर चढून सांधे तपासायचे, त्याची नोंद वेगळी. जानेवारी: सहा टप्पे, बोल्ट ठीक. फेब्रुवारी: सहा टप्पे, बोल्ट ठीक. मार्च: सात टप्पे, बोल्ट ठीक. एप्रिल: आठ टप्पे, बोल्ट ठीक. मे: नऊ. मेच्या पुढे बोल्टांचं काही लिहिलेलं नव्हतं, आणि त्यानंतर पानंच कोरी होती. मी हसले, खरंच हसले. म्हातारपणी माणूस आकडे चुकतो. माझी आई तर शेवटी स्वतःच्या मुलींचा आकडा चुकायची.

सूरम्माने कॉफी आणली. जोगारावांचा विषय निघाला. "मे महिन्यात शेवटचा चढला होता," ती म्हणाली. "उतरला तो अगदी बदलून. चाळीस वर्षं माझ्या पुलुसूच्या आमटीला नावं ठेवली. चिंच जास्त, गूळ कमी. त्या दिवसापासून मुकाट जेवायला लागला. म्हटलं, देवाने उशिरा का होईना सुबुद्धी दिली."

"मग बरंच झालं की."

"हो," सूरम्मा म्हणाली. ती कप गोळा करायला लागली. "पण घरात करमेना गं मला."

३

चार दिवसांनी आम्ही नवी अँटेना घेऊन गेलो. सकाळचे साडेनऊ, स्वच्छ ऊन, झावळीही हलत नव्हती. चढायला याहून चांगला दिवस मिळत नाही. हे सूरम्माकडे दोन पेसरट्टू, मुगाचे डोसे, खाऊन, शिवाय त्यांत आलं थोडं जास्त असल्याची तक्रार करून आले. पट्टा बांधला, माझ्यासमोर माईक काढून सदऱ्याच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं. नवा पिवळा दोर कडीला बांधला.

"खाली डोकं ठेवून जातोय," हे म्हणाले. "सांभाळ."

"हात तेवढे परत आणा."

प्रत्येक सांध्याशी थांबून हे पान्याने बोल्टांवर दोनदा ठोकतात. ढिला बोल्ट वेगळा वाजतो. ठोकून झालं की वॉकीटॉकीवर आकडा सांगतात. मला खोलीतून मीटरवर लक्ष ठेवायचं होतं, म्हणून दोराचं दुसरं टोक मी खिडकीतून आत घेऊन टेबलाच्या पायाशी ठेवलं. खिडकीतून टॉवरचे खालचे तीन टप्पे दिसत होते. त्यापुढे छपराची वळचण आडवी यायची.

टण, टण. "एक. बोल्ट ठीक."

टण, टण. "दोन. ठीक."

यांचे पाय तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिसले, मग वळचणीआड गेले. चार. पाच. आवाजात थोडा दम लागलेला, त्रेसष्टाव्या वर्षी लागतोच. "सहा. ठीक."

मी मीटरवर हात ठेवला. आता हे केबलचं टोक हातात घेणार, मला सांगणार.

टण, टण. "सात. ठीक."

"पुरे आता," मी म्हटलं. "पेसरट्टू चढलाय तुम्हाला."

मीटरचा आकडा बदलला. एकशेतीस. मी तो बंद करून पुन्हा लावला. एकशेतीस.

टण, टण. "आठ. ठीक." आवाज अगदी नेहमीचा, कामात गढलेल्या माणसाचा. "हैमा, इथलं लोखंड नवं आहे ग. गंज नाही कुठे."

मी दोर उचलून बाहेर धावले. उन्हाने डोळे दिपले, कपाळावर हात धरून वर पाहिलं. टॉवर साठ फुटांचाच होता. सहाव्या टप्प्याच्या टोकाला हे होते, लोखंडाला बिलगून, पाठ माझ्याकडे, अगदी स्थिर. त्यांच्या वर निळं आभाळ, आणखी काही नाही. हातही हलत नव्हता. तरी कानात वाजलं, टण, टण.

"नऊ," वॉकीटॉकी म्हणाला. "हैमा, इथून आपलं घर दिसतं. मागच्या दारातली तुळससुद्धा."

आमचं घर तिथून एकवीस किलोमीटरवर आहे. मी ओरडले नाही. चढलेल्या माणसाला ओरडून दचकवायचं नसतं, एवढं भान मला होतं. मी दोर ताठ केला आणि तीन झटके दिले.

क्षणभर काही नाही. मग दोराला दोन झटके बसले, खणखणीत. समजलं.

माझा जीव भांड्यात पडला. वरच्या माणसाने मान हलवली, पाय खालच्या दांडीवर टाकला आणि उतरायला लागला. शांतपणे, एकही सांधा न ठोकता.

४

"दोर कुठाय तुमचा?" मी विचारलं. हे जमिनीवर उभे होते, पट्टा कमरेला होता, कडी रिकामी होती. पिवळा दोर माझ्या हातातून सरळ वर गेलेला होता.

"वर अडकला. राहू दे."

"आणि आकडे काय सांगत होतात? सात, आठ?"

"सहा," हे म्हणाले. "सहाच आहेत ना?"

"मी झटके दिल्याबरोबर उतरलात ते बरं केलंत."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "झटके? तू सेटवर म्हणालीस, खाली ये. म्हणून आलो."

मी सेटवर काही बोलले नव्हते. पण त्या वेळी हा वाद घालायचं सुचलं नाही. ऊन फार होतं, हे दमले असतील, मी घाबरले होते, एवढ्यात सगळं बसत होतं. अँटेना राहून गेली. बसमध्ये मी यांच्या खिशाला हात लावला. बटण लावलेलं, आत माईक नव्हता.

पुढचे दहा दिवस मी स्वतःला रोज समजावत होते. डॉक्टरांना दाखवलं, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला निघाला. हे वेळेवर उठायचे, वेळेवर जेवायचे. मी डाळीत मीठ विसरले त्या दिवशीही ताट स्वच्छ. मी मुद्दाम म्हटलं, "काय, आज नावं नाही ठेवली?" तर म्हणाले, "चांगली आहे." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, माझ्या डाळीला हे कधी चांगली म्हणाले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. असं काय वाईट झालं होतं? नवरा शहाणा झाला म्हणून कुणी रडतं का?

दहाव्या दिवशी हे ओट्यावर बसून एका केबलला कनेक्टर बसवत होते. केबल खुंटीला उभी टांगलेली. सोल्डरचा डाग सुरेख, आतली तार सरळ, सगळं यांच्या हातासारखं. मग टेप घेतली आणि गुंडाळायला लागले. वरून खाली.

मी दारात उभी होते. "अहो, टेप कशी गुंडाळायची असते?"

"खालून वर," हे म्हणाले. मान वर केली नाही. बोटं सावकाश वरून खाली येत होती, एकेक वेढा, पाण्यासाठी उघडा.

"मग हे काय करताय?"

"खालून वरच तर गुंडाळतोय, हैमा," हे अगदी प्रेमाने म्हणाले.

मला जोगारावांचा कनेक्टर आठवला. मी आत जाऊन भात टाकला, कारण दुसरं काय करावं ते कळेना. भात शिजेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मी तीन झटके दिले होते, आणि कुणीतरी मला दोन परत दिले होते. समोरच्या माणसाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

५

गुरुवारी वादळाची सूचना आली. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय, रविवारी दुपारनंतर किनाऱ्याला लागेल. सत्तिराजूंनी फोन केला. गावातलं स्टेशन आता शाळेच्या गच्चीवर साध्या तारेची अँटेना टाकून चालवायचं ठरलं होतं, ते काम दुसरं कुणी करत होतं. "आणि जोगारावांच्या टॉवरचं लिंगम गारूंनीच सुचवलं," ते म्हणाले. "सूरम्माच्या घरावर पडायच्या आत उतरवून टाकतो म्हणाले. रविवारी सकाळी."

फोन ठेवून मी यांच्यापुढे उभी राहिले. "टॉवर उतरवायला चार माणसं आणि दोन दिवस लागतात. एकेक टप्पा सुटा करून."

"तारा कापायच्या," हे म्हणाले. "मागच्या शेतात आडवा होईल. पाच मिनिटं."

सव्वीस वर्षांत यांनी एकही टॉवर असा पाडलेला नाही. जो पाडतो त्याला हे खाटीक म्हणतात.

"नका पाडू," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

"कशाला हवाय तो?" यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता, ओळखीचा होता, आणि मला तो काढून टाकावासा वाटला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. "वर कुणी नाहीये, हैमा."

मी कुणी आहे असं म्हटलंच नव्हतं.

रविवारी पहाटेची पहिली बस धरून मी एकटी निघाले. हे उठायच्या आत, कॉफीचं भांडं झाकून ठेवून. चिंतलंकेत पोचले तेव्हा आभाळ शिसवी झालं होतं, वारा मात्र पडलेला. सूरम्मा अंगणातच होती. सामान शाळेत हलवायला गावातली माणसं येणार होती, ती बोचकं बांधून बसली होती.

माझं तोंड बघून तिने हातातलं बोचकं खाली ठेवलं. मी टॉवरकडे चालायला लागले तशी मागून आली. पिवळा दोर होता तसा लोंबत होता.

"मीसुद्धा ओढायचे," ती म्हणाली. "त्या पांढऱ्या दोराला. मे महिन्यापासून. तुळशीला पाणी घालताना सहज हात लावला, तर वरून हिसका आला. मी एक दिला की वरून दोन यायचे. रोज सकाळी. मला वाटलं, वारा खेळतोय माझ्याशी."

"एकच द्यायचात?"

"मला कुठे तुमची ती भाषा ठाऊक? मला कुणी शिकवलीच नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "इकडे भावाला अग्नी दिला, आणि त्या दिवसापासून दोर गप्प. तुम्ही ओढलात तर सगळा खाली आला."

एक झटका म्हणजे काहीतरी वर पाठव. दोन म्हणजे समजलं. बिचारी दोन महिने रोज वरच्याकडे काहीतरी मागत होती, आणि वरचा रोज समजलं म्हणत होता. खाली ये, असं त्याला कुणी म्हटलंच नाही. ते मी सूरम्माला सांगितलं नाही. ते ऐकून ती जगली नसती.

६

दोर दोन्ही हातांनी धरला. माझा माझ्यावर विश्वास नव्हता. एक म्हातारी होत चाललेली बाई, एक दोर, एक अडकलेली गाठ. वर पाहिलं. सहा टप्पे, मोकळं टोक, त्यावर आभाळ. दोर सहाव्या टप्प्याच्या टोकाशी गेला होता आणि त्यापुढे तो कुठे जात होता ते डोळ्यांना नीट धरता येत नव्हतं. बघत राहिलं की पाणी यायचं.

मी तीन झटके दिले.

कोंबडा आरवला. शाळेच्या बाजूने कुणीतरी कुणाला हाक मारली. सूरम्मा माझ्या खांद्याला धरून उभी होती.

दोन झटके आले.

मी रडायलाच लागले. "उतरा," मी दोराला म्हटलं, "सावकाश उतरा, घाई नाही, मी आहे." आणि खूप वरून, इतक्या वरून की साठ फुटांत तो आवाज मावणारच नाही, ऐकू आलं, टण, टण. थांबून बघणाऱ्या, काम नीट करणाऱ्या माणसाचा पाना. नऊ.

सूरम्माने ऐकलं. तिने माझा खांदा आवळला.

बऱ्याच वेळाने पुन्हा. टण, टण. थोडं जवळून. आठ.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. हे उतरले. हातात तारा कापायची लांब दांड्याची कात्री. इस्त्रीचा सदरा, नीट विंचरलेले केस. माझ्याकडे बघून हसले. "कॉफी प्यायलो मी," हे म्हणाले. "तू झाकून ठेवलेली." आणि पूर्वेच्या तारेकडे चालत गेले, तिथे वाकले, कात्रीचं तोंड तारेवर बसवून बघू लागले.

"नका," मी म्हटलं. "थोडं थांबा. दहा मिनिटं."

"वादळ येतंय, हैमा."

टण, टण. सात. आता तो आवाज टॉवरच्या टोकाच्या अगदी वर होता. मी वर पाहिलं. टॉवरच्या शेवटच्या दांडीवर, जिथे त्यापुढे काही नाही, तिथे वरून एक पाय आला आणि दांडी चाचपायला लागला. कॅनव्हासचा बूट, निळी पँट, घोट्यापर्यंत. एवढंच. पाय दांडीवर टेकला. त्याच्यावर कुणीच नव्हतं.

"अहो," मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते मलाच ठाऊक नाही.

तारेजवळच्या माणसाने मान वळवली. "काय गं?" तोच आवाज, तोच हेल.

आणि हातातल्या दोराला दोन झटके बसले.

कात्रीचे दांडे उघडले. सूरम्मा ओरडली. मी पळाले नाही. पिवळ्या दोराचे दोन वेढे कमरेभोवती घेतले आणि यांनीच शिकवलेली गाठ मारली, घट्ट.